थंडीतलं नाशिक एका दिवसात: लेणी, मिसळ, फाळके, घाट आणि गाणं

बाहेरून आलेली मंडळी नाशकात एक चूक हमखास करतात. सकाळी आठला रामकुंड, मग मंदिरं, बाराला मिसळ शोधत फिरायचं, ती दोनला खायची आणि भरल्या पोटी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या. त्यात सगळंच उलटं होतं. लेण्यांत तोवर शाळांच्या सहली पोचलेल्या असतात, रश्श्याची चांगली तर्री संपलेली असते, आणि गोदावरीचा घाट ज्या वेळी खरा बघावा त्या वेळी आपण हायवेवर अडकलेले असतो.

थंडीचा दिवस लहान. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आसपास मावळतो. हातात अकरा तास, त्यातले कामाचे नऊ. म्हणून दिवस ऊन आणि भूक यांच्या हिशोबानं आखायचा. खाली तसाच आखला आहे.

आदल्या दिवशी

शनिवार उत्तम. रविवारी मिसळीसाठी गर्दी फार, सोमवारी संग्रहालयांना सुट्टी असण्याची शक्यता जास्त.

मुंबईहून येणार असाल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला या. नावाला भुलून पंचवटी एक्स्प्रेसचा बेत करू नका. ती सकाळी नाशिकहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परत येते. मुंबईकरांच्या दृष्टीनं वेळापत्रक उलटं. सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडली तरी नाशिकरोडला उतरेपर्यंत पावणेदहा-दहा होतात. तिथून शहर आणखी नऊ-दहा किलोमीटर. म्हणजे सकाळ गेलीच.

रात्री स्थानिक वर्तमानपत्राच्या नाशिक पुरवणीत दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम बघून ठेवा. गाण्याची बैठक, नाटक, चित्रप्रदर्शन, सगळं त्या एका रकान्यात असतं. मोठे कार्यक्रम शालिमारच्या महाकवी कालिदास कलामंदिरात होतात, लहान आणि बहुतेक वेळा जास्त चांगले कार्यक्रम कुसुमाग्रज स्मारक किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृहात.

पिशवीत काय घ्याल: स्वेटर, पाण्याच्या दोन बाटल्या (एक पिण्याची, एक रंगांची), छोटी विजेरी, चित्रकलेची वही. मोबाइलचा उजेड विजेरीऐवजी चालतो, पण लेणी पाहता पाहता बॅटरी निम्म्यावर येते.

सकाळी आठ: पांडवलेणी

शहराच्या मध्यापासून लेणी साधारण ८ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत. रिक्षा केली तर जाण्यायेण्याचं भाडं आधी ठरवा. नुसतंच खारी-चहा घेऊन निघा. पोट भरायची वेळ पुढे आहे.

पायऱ्यांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. चढताना घाम येतो आणि लोक स्वेटर काढून कमरेला बांधतात. इथेच सर्दी पकडते, कारण लेण्यांची तोंडं उत्तरेला आहेत आणि थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. कातळावर दिवसभर सावली, आतला दगड गारठलेला. पहाटे नाशिकचा पारा १० अंशांखाली गेला असेल तर ओसरीत टेकून बसवतही नाही. स्वेटर अंगातच ठेवा.

या सावलीचा फायदाही आहे. उजेड सगळीकडे सारखा पसरतो, डोळे दिपत नाहीत, कोरीवकाम निवांत पाहता येतं. तोटा एकच: उथळ कोरलेली अक्षरं सपाट दिसतात आणि माणूस शिलालेखासमोरून न थांबता पुढे जातो. विजेरी अक्षरांवर सरळ मारू नका. भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूनं धरा. प्रत्येक खाचेत सावली पडते आणि कोरी वाटलेली भिंत एकदम बोलू लागते. हात मात्र लावायचा नाही. बोटांच्या तेलानं आणि घामानं दगड काळवंडतो.

एकूण २४ लेणी आहेत. नवख्या माणसानं चारच नीट पाहावीत: १०, ३, १८ आणि १९. क्रमही हाच ठेवा.

१० क्रमांकाचं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचं. इथल्या एका लेखात त्यानं भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या ठेवीचा हिशोब आहे. रक्कम ३००० कार्षापण (तेव्हाचं नाणं), ठेवली गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे. एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजानं. दुसरीकडे १००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज झालं २४० कार्षापण, आणि लेखात म्हटलंय की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ द्यावेत. बारा विसं दोनशे चाळीस. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा ताळेबंद पैशाला पैसा जुळतो. गोवर्धन हे नाव लक्षात ठेवा, संध्याकाळी पुन्हा येणार आहे.

लेखाची सुरुवात शोधायची खूण म्हणजे ‘सिधं’ हा शब्द, आपला ‘सिद्धम्’. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. एखादं अक्षर तरी ओळखायचंच असेल तर ‘क’ शोधा: बेरजेचं चिन्ह, उभी रेघ खाली जरा लांबलेली. पाच मिनिटांत चार-पाच ‘क’ सापडतात. मुलांना या खेळात गुंतवलं की ती ‘चला ना आता’ म्हणायचं विसरतात.

मग ३ क्रमांक. नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं, गौतमी बलश्रीचं हे दान, नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातलं. ओसरीच्या तळाशी बघा: सहा धिप्पाड गण खांद्यावर दांडे घेऊन उभे आहेत, अख्खं लेणं पालखीसारखं उचलून चालल्यासारखे. हे गण जोत्याच्या पातळीवर आहेत आणि सगळ्यांची नजर वरच्या खांबांवर असते, म्हणून निम्म्या लोकांना ते दिसतच नाहीत. ओसरीबाहेर उभं राहून, वाकून पाहा.

दोन्ही लेण्यांचे खांब एकामागोमाग ताडून बघा. ३ क्रमांकाच्या कारागिरांपुढे १०चा नमुना होता, हे घंटेच्या आकाराच्या शीर्षांवरून कळतं. नक्कल मुळाइतकी डौलदार झालीय का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमचं मत १०च्या बाजूनं.

१८ हे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, आत स्तूप. दर्शनी कमानीचं काम लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल आहे. दगडात ज्यांची गरजच नाही अशा तुळयाही कोरल्या आहेत. इथल्या एका दानलेखात नासिकच्या लोकांचा उल्लेख आहे, म्हणजे गावाचं नाव तेव्हाही हेच. शेजारचं १९ अगदी साधं, पण सगळ्यांत जुन्यांपैकी, सातवाहन राजा कण्ह याच्या काळातलं.

तासाभरात उतरायला लागा. दहानंतर सहलींच्या बसगाड्या येतात.

उतरताना: फाळके

पायथ्याशीच दादासाहेब फाळके स्मारक आहे. दालनं चालू आहेत का, याची चौकशी करूनच वेळ काढा. इथे अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका, कारण फाळके बघायची खरी जागा पडदा आहे, आणि तो दुपारसाठी राखून ठेवलाय.

साडेदहा: मिसळ

लेण्यांवरून पाथर्डी फाटा, अंबडमार्गे सातपूरकडे गेलात तर श्यामसुंदर मिसळ आणि पुढे बारदान फाट्याजवळची साधना मिसळ, शहरात परतलात तर भगवंतराव, पंचवटीत अंबिका. सातपूर-गंगापूर पट्ट्यातल्या नव्या ठिकाणी अंगण मोठं, झाडं, चुलीचा धूर, लहान मुलांना खेळायला जागा. जुन्या दुकानांत बाकडं, अंगाला अंग आणि झटपट काम. पहिल्यांदा खाणाऱ्यानं जुन्या दुकानात जावं, कारण तिथे लक्ष ताटलीवर राहतं.

नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची. रंग काळपट तपकिरी. तिखटाबरोबर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा आणि खड्या मसाल्याचा वास. लाल दिसली की जास्त तिखट, हा कोल्हापूरच्या मिसळीवरून बांधलेला अंदाज इथे चालत नाही. काळी दिसणारी मिसळ जिभेवर सौम्य सुरू होते आणि घशात गेल्यावर आपलं म्हणणं मांडते.

ताटात मोड आलेली मटकी, शेव-फरसाण, कांदा, लिंबू, वेगळ्या वाटीत रस्सा, पाव, पापड, दही, बऱ्याच ठिकाणी जिलेबीही. खायची रीत अशी:

१. रस्सा आधी नुसता चमचाभर चाखा. तिखटाचा अंदाज इथेच येतो.

२. मटकीवर रस्सा घाला, फरसाणाच्या बाजूनं नाही. सगळा एकदम ओतला की दोन मिनिटांत शेवेचा लगदा होतो. अर्धी शेव कोरडी राहू द्या, घासागणिक ओढून घ्या.

३. लिंबू मिसळीत पिळा, रश्श्याच्या वाटीत नाही. वाटीत पिळलं की दुसऱ्या वाढीचा रस्साही आंबट होतो.

४. दही मिसळीत कालवू नका, बाजूला ठेवून अधूनमधून खा. कालवलं की मसाल्याचा भाजका वास दबतो आणि मग कुठल्याही गावची मिसळ एकसारखीच लागते.

५. तोंड भाजलं तर पाण्यानं शांत होत नाही. दाह करणारा तिखटातला घटक पाण्यात फारसा विरघळत नाही. दही किंवा ताक घ्या. जिलेबी शेवटी.

रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा मिळतो, पाव जास्तीचे पैसे देऊन. दोन पावांवर थांबा. साडेतीन-चारला जुन्या नाशकात भूक लागलेली हवी.

साडेबारा ते अडीच: सिनेमा

दुपारी तापमान २८-३० अंशांवर जातं, जॅकेट ओझं होतं, घाटावर पांढरं रखरखीत ऊन असतं. ही वेळ मुक्कामी पडदा लावायची.

धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ साली नाशिकलाच वारले. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत बनला आणि १९१३च्या मे महिन्यात कोरोनेशन थिएटरात लागला. त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि पुढचे चित्रपट इथे केले. ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला भाग आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) इंटरनेटवर सहज सापडतात. आधी ‘कालिया मर्दन’ लावा. तो जास्त शाबूत आहे, आणि त्यात कृष्ण झालेली फाळक्यांची लेक मंदाकिनी अशी काही खोडकर आहे की मूकपटाची सवय नसलेलाही खिळून बसतो.

बघताना दोन गोष्टी बिघडतात. एक, वेग. मूकपट हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर, सेकंदाला साधारण १६ चित्रांच्या आसपास घेतलेले असत. तीच फीत सेकंदाला २४ चित्रांनी चालवली की सगळे जण बस चुकल्यासारखे धावतात आणि गंभीर प्रसंगातही हसू येतं. प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा; २४ चे १८ होतात आणि चालणं माणसांत येतं. काही प्रतींत ही दुरुस्ती आधीच केलेली असते, म्हणून आधी मिनिटभर एखाद्या पात्राची चाल बघा, मग ठरवा. दुसरी गोष्ट, मागाहून चिकटवलेलं संगीत. ते सरळ बंद करा. सोबत कुणाला पेटी वाजवता येत असेल तर खोलीतच साथ करू द्या. मूकपटाच्या काळी थिएटरात साथीला वादक बसतच.

फाळक्यांनी पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी एक छोटी फीत केली होती: कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडंथोडं चित्रण, आणि पडद्यावर बघता बघता अंकुराचा वेल. थंडीत नाशिकच्या भाजीबाजारात मटारच्या शेंगांचे ढीग लागतात. या शहरात मटार सोलताना ही गोष्ट आठवली नाही तर नवल.

आणखी एक जोड सांगून पुढे जाऊ. कवी कुसुमाग्रज तरुणपणी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते. ‘सती सुलोचना’ची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली.

तीन ते सहा: जुनं नाशिक आणि घाट

गाडी मुक्कामीच ठेवा. मेन रोड, सराफ बाजार, तांबट लेन इथे चालतच फिरायचं. सराफ बाजारातला सरकारवाडा बघा. पेशवेकालीन वाड्याचं लाकूडकाम शहरात इतकं जवळून फार ठिकाणी बघायला मिळत नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, वाचकानं निदान दारातून डोकावून यावं. साबुदाणा वडा खायचा तर सायंतारा, जिलेबीसाठी बुधा हलवाई. वडा तळणीतून काढल्या काढल्या खा. गार झाला की चिवट होतो.

चारपर्यंत घाटावर पोचा. गोदावरी इथे वळण घेऊन दक्षिणवाहिनी होते, म्हणून तिचे काठ पूर्व-पश्चिम आहेत. चित्र काढणाऱ्याला हे कळणं महत्त्वाचं: शहराच्या बाजूच्या, म्हणजे पश्चिम काठाच्या पायऱ्यांवर बसलात की उतरतं ऊन तुमच्या पाठीमागून पलीकडच्या पंचवटीच्या मंदिरांवर पडतं. नारोशंकराचं मंदिर (१७४७) चार ते सव्वापाच या वेळात असं काही उजळतं की सकाळी ओळखूही येत नाही. पंचवटीच्या बाजूला बसलात तर ऊन डोळ्यांत येतं आणि समोर सगळं काळं.

नाशिकच्या निसर्गचित्रकारांचा हा हक्काचा घाट. पहिल्यांदा जलरंगानं काढणार असाल तर ए-फोरच्या अर्ध्या आकाराचा, ३०० जीएसएमचा कागद घ्या. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पेन्सिल ४बी. मंदिराचं शिखर, पायऱ्यांच्या तीन-चार आडव्या ओळी, पाण्याची कड, बस. दहा मिनिटांत रेखाटन आटपा. कोरीवकाम मोजत बसलात तर ऊन निघून जाईल.

इथला दगड काळा बेसॉल्ट, म्हणून नवशिका सरळ काळा रंग काढतो आणि चित्र मरतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना मिसळून राखाडी करा. उन्हातल्या बाजूला सायना जास्त, सावलीला निळा जास्त. उजळलेली कड हवी असेल तर कागद तिथे कोराच सोडा. पांढरा रंग नंतर लावून ते ऊन येत नाही. चारला कागद झटकन वाळतो, साडेपाचनंतर गारवा उतरला की पाच-सात मिनिटं ओलाच राहतो आणि दुसरा थर पहिल्यात पसरतो. म्हणून मोठे ओले थर आधी, बारीक काम शेवटी. ब्रश नदीत बुडवायचा नाही. बाटली त्यासाठीच आणलीय.

रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आलेली कुटुंबं असतात. त्यांच्याकडे वही किंवा कॅमेरा वळवू नका. फुलवाले, पेढेवाले, दुतोंड्या मारुती यांना मात्र चित्रात यायला हरकत नसते. मारुतीला नाही, बाकीच्यांना एकदा विचारा. हाच मारुती पावसाळ्यात पुराची पट्टी होतो: पाणी त्याच्या कमरेला, छातीला लागलं, अशा भाषेत अख्खं शहर पूर मोजतं.

संध्याकाळ: गाणं

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात नाशकात आश्रम केला, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले. द. वि. १९५५ मध्ये, चौतिशीतच गेले. कार्यक्रम नसलेली संध्याकाळ असेल तर त्यांच्या जुन्या तबकड्या ऐका. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात राग मांडून, बंदिश गाऊन, ताना घेऊन गाणं पुरं होतं. शास्त्रीय संगीत लांबलचक असतं म्हणून घाबरणाऱ्याला यापेक्षा सोपी सुरुवात नाही.

बैठकीला जाणार असाल तर साडेसहाच्या कार्यक्रमाला सव्वासहाला पोचा. ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’ याचा अर्थ पहिल्या दोन-तीन रांगा पाहुण्यांच्या. तुम्ही पाचव्या-सहाव्या रांगेत मधोमध बसा. ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर बसलात तर तंबोरा ऐकूच येत नाही. पहिली विलंबित (संथ लयीतली) बंदिश समजली नाही तरी उठू नका. तबल्याच्या आवर्तनात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, गायक आणि तबलजी एकत्र येतात ती जागा तेवढी पकडा. समोरच्या जाणत्या श्रोत्याची मान तिथे हलते, तिच्यावरून चोरून शिकता येतं. उठायचंच झालं तर दोन रागांच्या मधे.

फेब्रुवारीच्या आसपास सुला व्हाइनयार्ड्स या वाइनच्या मळ्यात काही वर्षी सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव होतो, तो वेगळाच प्रकार: मोकळं मैदान, मोठा आवाज, तरुण गर्दी. ते आवार गोवर्धनच्या हद्दीत आहे. उषवदातानं ज्या विणकरांकडे ठेव ठेवली ते हेच गोवर्धन. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, आणि परतीचा रस्ता अंधारा, म्हणून गाडी न पिणाऱ्याकडे द्या.

जेवण आणि पिशवी

रात्री बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत किंवा शेवभाजी, वर लोणी. भाकरी एकेक मागवा. थंडीत ती ताटात दोन मिनिटांत कडक होते.

द्राक्षं डिसेंबरात घेऊ नका, आंबट निघतात. जानेवारीच्या उत्तरार्धापासून गोडी भरते. मणी हिरवागार असण्यापेक्षा किंचित पिवळसर झुकलेला, देठ मात्र हिरवा आणि ताजा, असा घड निवडा. मण्यांवरची पांढुरकी झाक बहुधा नैसर्गिक मेणाची असते. ती पुसून चकचकीत केलेला घड लवकर खराब होतो. तरी खाण्याआधी धुवाच.

चिवडा कोंडाजीचा किंवा माधवजीचा, अर्धा-अर्धा किलो दोन पुड्यांत बांधून घ्या. एकच मोठी पुडी परतीच्या गाडीत उघडली की घरी पोचेपर्यंत तळलेला कांदा मऊ पडतो.